भरली तर कोण थांबेल? सर्व्हरच्या डिस्कची आखणी

२०१३ च्या मार्चमध्ये भोसरीतल्या एका कारखान्यातून सकाळी सव्वाआठला स्टोअरच्या काकांचा फोन आला. "मॅडम, एक्साइजचं बिल निघत नाहीये. गेटवर तीन गाड्या माल भरून उभ्या आहेत." मी तेव्हा कोथरूडला राहायचे. पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले. सर्व्हर चालू होता, पिंगला उत्तर देत होता. लॉगइन करून डीएफ -एच (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) टाकलं, तर रूटच्या, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेल्या / च्या, ओळीत १०० टक्के. अख्ख्या सर्व्हरला एकच पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एकच कप्पा, होतं. प्रिंटिंगच्या प्रोग्रॅमचं डीबग लॉगिंग कुणीतरी काही तपासायला म्हणून चालू केलं होतं, ते बंद करायचं राहून गेलं आणि एकट्या लॉग फाइलने ३१० जीबी खाल्ले. त्या लॉगची कुणालाच गरज नव्हती. पण त्याच पार्टिशनवर डेटाबेस होता, त्याला एक ओळ लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून गाड्या गेटवर अडकल्या.

घाईघाईत मी ती फाइल आरएमने उडवली. डीएफ तरीही १०० च दाखवत होतं. प्रोग्रॅमने फाइल उघडून धरलेली असली तर नाव पुसलं जातं, जागा सुटत नाही; प्रोग्रॅम बंद होईपर्यंत ती तशीच अडकून राहते. अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली एलएसओएफ +एल१ दाखवतं (यातला एल मोठा). आता मी अशा वेळी फाइल पुसत नाही, ट्रंकेट -एस ० ने तिथल्या तिथे रिकामी करते. त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं, त्यापायी आणखी वीस मिनिटं गेली.

तेव्हापासून कुठलाही सर्व्हर उभा करताना प्रत्येक जागेबद्दल मी एकच प्रश्न विचारते: ही भरली तर कोण थांबेल? ज्याच्यामुळे जागा भरते आणि जागा भरल्यावर ज्याचं काम अडतं, ते दोघं वेगळे असतील तर त्यांच्यामध्ये भिंत हवी. पार्टिशन म्हणजे ती भिंत. बाकीचे सगळे नियम मला यातूनच सुचत गेले.

(कमांड आणि डिरेक्टरींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

आधी कागद

इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह लावण्याआधी एक फुलस्केप कागद घ्या. इन्स्टॉलरच्या स्क्रीनसमोर बसून आखणी करू नका. तिथे "ऑटोमॅटिक" हे बटण इतकं सोपं दिसतं की माणूस ते दाबतोच. रेड हॅटच्या घराण्यातला इन्स्टॉलर, जागा ५० जीबीच्या वर असली की, आपणहून वेगळं /होम काढतो आणि उरलेली बरीचशी जागा त्यालाच देतो. लॅपटॉपला ते ठीक आहे. डेटाबेस सर्व्हरवर /होममध्ये कोण राहतं? मी आणि माझा ज्युनिअर, आमच्या चार स्क्रिप्ट घेऊन. मी असे सर्व्हर पाहिलेत जिथे /होम ८०० जीबीचं, त्यात २०० एमबी भरलेले, आणि शेजारी डेटाबेसला श्वास घ्यायला जागा नाही. त्यात फाइल सिस्टिम (पार्टिशनवर फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस, ती मोठी करता येते, लहान करता येत नाही. म्हणजे /होममधली जागा परत घ्यायची तर सगळं उचलून बाहेर ठेवायचं, फॉरमॅट करायचं, पुन्हा भरायचं.

कागदावर चार रकाने पाडा: काय लिहिलं जातं, कोण लिहितं, महिन्याला किती वाढतं, भरलं तर कोण थांबेल. आकडे अंदाजाने टाकू नका. जुना सर्व्हर असेल तर डीयू -एसएच (डिरेक्टरीने किती जागा घेतली ते सांगणारी कमांड) आज चालवा, तारीख टाकून लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी परत चालवा. दोन आकड्यांची वजाबाकी कुठल्याही व्हेंडरच्या सल्ल्यापेक्षा खरी असते.

गेल्या वर्षी हडपसरच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी केलेली आखणीच इथे देते. सर्व्हरला ३२ जीबी रॅम, ९६० जीबीच्या दोन एसएसडी, रेड १ मध्ये, दोन्हींवर तोच डेटा. म्हणजे वापरायला एकच ९६० जीबी. कंपनी जीबी मोजते दशमानाने, लिनक्सची बहुतेक साधनं मोजतात १०२४ च्या पटीत, त्यामुळे स्क्रीनवर दिसतात ८९४. हा फरक पहिल्या ओळीतच लिहा. नाहीतर शेवटी बेरीज जुळत नाही आणि गडबड कुठे झाली ते शोधण्यात दुपार जाते.

लॅबमध्ये रोज साधारण ४०० रिपोर्ट निघतात, एक पीडीएफ सरासरी अर्धा एमबी. दिवसाला २०० एमबी, वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर ६० जीबी. अडीच वर्षांसाठी १५० जीबी. डेटाबेस पोस्टग्रेसचा, तेव्हा ३८ जीबी, महिन्याला अडीच जीबी वाढणारा. तीन वर्षांत १२८ होईल. पण एवढ्यावर थांबायचं नाही. व्हॅक्यूम फुल (टेबलातली वाया गेलेली जागा परत मिळवणारी कमांड) चालवलं तर पोस्टग्रेस टेबलाची नवी प्रत बनवतं आणि मग जुनी टाकतं, तेवढा वेळ दोन्हींना जागा लागते. मोठ्या आवृत्तीच्या अपग्रेडला, लिंकचा पर्याय वापरला नाही तर, अख्ख्या डेटाची प्रत होते. म्हणून २०० जीबी.

पूर्ण आखणी अशी झाली. बूटसाठी दोन साधी पार्टिशन: ईएफआयचं ६०० एमबी, फॅट३२ मध्ये, आणि /बूट २ जीबी. बाकी सगळी जागा एलव्हीएमच्या एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे ज्यातून हवे तसे कप्पे (व्हॉल्यूम) काढता आणि नंतर वाढवता येतात अशा सामाईक साठ्यात. त्यातून रूट ४० जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) ८, /व्हार ३०, /व्हार/लॉग २०, /टेम्प ८, /होम १०, /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल २००, आणि रिपोर्टसाठी /एसआरव्ही/रिपोर्ट्स १५०. बेरीज ४६६. उरलेले सुमारे ४२५ जीबी कुणालाच दिले नाहीत.

ज्युनिअरने कागद बघून विचारलं, "ताई, निम्मी डिस्क रिकामी सोडायची? मालक विचारतील ना, एवढे पैसे कशाला घातले म्हणून." प्रश्न रास्त होता. मालकांनी विचारलंही. मी त्यांना सांगितलं, ही जागा रिकामी नाही, हातात राखलेली आहे. अंदाज कुठेतरी चुकणारच. कुठे, ते आज सांगता येत नाही. जिथे चुकेल तिथे चालू सर्व्हरवर, काम न थांबवता, एका कमांडमध्ये जागा देता येईल. आणि सगळी जागा आधीच वाटून टाकली तर चुकीच्या जागी गेलेली परत घ्यायला रात्र लागेल. मोठं करणं सोपं आणि लहान करणं अवघड, म्हणून सुरुवात लहान. त्यांना ते लगेच पटलं. हातातलं भांडवल सगळं एकदम मालात गुंतवायचं नाही, हे धंदेवाल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

कमांड ही: एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +५०जी आणि पुढे व्हॉल्यूमचं नाव. एल मोठा, आणि -आर विसरू नका. -आर नसेल तर व्हॉल्यूम वाढतो, त्यावरची फाइल सिस्टिम तेवढीच राहते, आणि डीएफमध्ये काहीच बदललेलं दिसत नाही. आकड्याआधीच्या अधिकच्या चिन्हाकडेही लक्ष द्या: +५०जी म्हणजे ५० ने वाढवा, नुसतं ५०जी म्हणजे एकूण ५० करा.

मोकळ्या जागेचा दुसरा उपयोग स्नॅपशॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याचा. एलव्हीएमचा साधा स्नॅपशॉट घ्यायचा तर ग्रुपमध्ये मोकळी जागा असावीच लागते. अपग्रेडच्या आधी रूटचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला की मनावरचं ओझं खूप कमी होतं.

/व्हार, कारण खरा धोका इथेच

वाढणारं जवळजवळ सगळं /व्हारमध्ये जातं. लॉग, पॅकेजचा कॅश, मेलची रांग, डेटाबेस, कंटेनर. म्हणून फक्त /व्हार वेगळं काढून थांबलात तर अर्धंच काम झालं. भोसरीतला अपघात तिथेही जसाच्या तसा होईल, रूट वाचेल एवढंच. /व्हारच्या आत पुन्हा भिंती हव्यात.

/व्हार/लॉग वेगळं. हे भरलं तर लॉग लिहिणं थांबेल, ते वाईटच, पण बिलं निघत राहतील. सिस्टिमडीचं (सर्व्हरवरच्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) जर्नल स्वतःला आवर घालतं: मूळ सेटिंगनुसार ते त्या फाइल सिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढतं. बाकीच्या प्रोग्रॅमना असा आवर नसतो, त्यांच्यासाठी लॉगरोटेट (जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढून पुसणारा प्रोग्रॅम) नीट लावावं लागतं. सुरक्षेच्या ऑडिटला सामोरं जायचं असेल तर /व्हार/लॉग/ऑडिटही वेगळं करा. ऑडिटर बहुधा सीआयएस बेंचमार्कची (सुरक्षित सेटिंगची एक प्रमाणित यादी) यादी घेऊन येतात, आणि त्यात /टेम्प, /व्हार, /व्हार/टेम्प, /व्हार/लॉग, /व्हार/लॉग/ऑडिट आणि /होम वेगळं असल्याची तपासणी असते. ऑडिटचा डेमन जागा संपल्यावर काय करेल तेही ठरवता येतं, अगदी मशीन बंद करण्यापर्यंत. ते सेटिंग एकदा वाचाच.

डेटाबेस वेगळा. पोस्टग्रेसचा वॉल (प्रत्येक बदलाची आधी केलेली नोंद) ज्या फाइल सिस्टिमवर आहे ती भरली तर पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंद पडतं. आणि वॉल साचायला डेटाच वाढावा लागतो असं नाही. आर्काइव्ह करणारी स्क्रिप्ट गुपचूप नापास होत असली तरी फाइली साठत जातात. माउंट पॉइंटचीच (पार्टिशन जिथे माउंट होतं, म्हणजे जोडलं जातं, ती) डिरेक्टरी थेट डेटा डिरेक्टरी करू नका, आत एक उपडिरेक्टरी करा. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हेच सांगितलंय. ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या मुळाशी लॉस्ट+फाउंड ही डिरेक्टरी असते, त्यामुळे इनिटडीबी (डेटाबेस पहिल्यांदा उभा करणारी कमांड) ती डिरेक्टरी रिकामी मानत नाही. त्याहून महत्त्वाचं: डिस्क माउंट झालीच नाही तर आत डेटा डिरेक्टरी दिसत नाही आणि पोस्टग्रेस सुरूच होत नाही. ते बरं. चुकीच्या डिस्कवर सुरू होण्यापेक्षा न सुरू झालेलं परवडतं.

डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर /व्हार/लिब/डॉकर वेगळं. जुन्या इमेज साठत जातातच, पण लोकांना चकवा देतात ते कंटेनरचे लॉग. मूळ जेसन-फाइल पद्धतीत ते /व्हार/लॉगमध्ये न जाता /व्हार/लिब/डॉकरच्या आत लिहिले जातात, आणि मॅक्स-साइझ दिला नाही तर त्यांना मर्यादा नसते.

/यूएसआर, /ईटीसी, /बिन यांना हात लावू नका. आता /बिन म्हणजे /यूएसआर/बिनकडे जाणारी लिंकच असते, आणि /ईटीसीमध्येच एफएसटॅब, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्याची यादी, आहे. तीच फाइल वाचल्याशिवाय माउंट काय होणार? हे सगळं रूटवर एकत्र नांदू द्या.

भिंती किती घालायच्या यालाही अंत हवा. सुरुवातीच्या वर्षांत एका सर्व्हरवर मी चौदा पार्टिशनं केली होती, आणि दर महिन्याला कुठलं ना कुठलं भरायचं. शिवाय दोन फाइल सिस्टिमच्या मध्ये हार्ड लिंक होत नाही, आणि एमव्ही (फाइल हलवणारी कमांड) हे नाव बदलणं न राहता पूर्ण कॉपी होतं. लॅबचं सॉफ्टवेअर रिपोर्ट आधी एका तात्पुरत्या डिरेक्टरीत बनवतं आणि तयार झाल्यावर मूळ जागी हलवतं. ती तात्पुरती डिरेक्टरी मी मुद्दाम /एसआरव्ही/रिपोर्ट्सच्याच आत ठेवली. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं. दोन फाइल सिस्टिममध्ये मधल्या क्षणी कुणी फाइल उघडली तर अर्धा रिपोर्ट दिसू शकतो. रक्ताच्या रिपोर्टच्या बाबतीत ते मला चालणार नव्हतं.

जागा आहे तरी जागा नाही

डीएफ २८ टक्के दाखवतं आणि प्रोग्रॅम म्हणतो, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. हे चाकणच्या एका क्लायंटकडे झालं. मोजमापाचं यंत्र प्रत्येक पार्टमागे दीड-दोन केबीची एक फाइल टाकत होतं. १०० जीबीची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम होती. ईएक्सटी४ बनवताना मूळ सेटिंगनुसार दर १६ केबीला एक आयनोड (एका फाइलच्या नोंदीची जागा) मिळतो, म्हणजे १०० जीबीला सुमारे ६५ लाख. फाइल कितीही छोटी असो, तिला एक आयनोड लागतोच. ६५ लाख फाइली झाल्या आणि आयनोड संपले. डीएफ -आय टाकल्यावर १०० टक्के दिसलं. ईएक्सटी४ मध्ये हे प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं, नंतर बदलता येत नाही. एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवतं, म्हणून लाखो बारक्या फाइलींसाठी मी तेच निवडते. ईएक्सटी४ च हवं असेल तर एमकेएफएसला -आय देऊन प्रमाण बदलून घ्या, आणि कागदावर "फाइली किती" असा पाचवा रकाना पाडा.

ईएक्सटी४ ची आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ती ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते. रूट पार्टिशनवर ते योग्यच आहे, जागा संपली तरी आपल्याला आत शिरता येतं. पण ४ टीबीच्या डेटा डिस्कवर ५ टक्के म्हणजे २०० जीबी. तिथे ट्यून२एफएस -एम १ ने एक टक्क्यावर आणा.

डिस्क २ टीबीहून मोठी असेल तर पार्टिशन टेबल जीपीटीच हवं. एमबीआर, ही जुनी पद्धत, ५१२ बाइटच्या सेक्टरने, तेवढ्यापर्यंतच मोजू शकतं. नव्या सर्व्हरवर मी लहान डिस्कलाही जीपीटीच करते.

स्वॅपवर वाद फार होतात, पण मी त्यात वेळ घालवत नाही. रॅमच्या दुप्पट हा हिशेब २ जीबी रॅमच्या काळातला. रेड हॅटची शिफारस ८ ते ६४ जीबी रॅमला किमान ४ जीबी अशी आहे. मी ८ देते आणि पुढच्या कामाला लागते.

माउंटचे पर्याय

/टेम्पला नोडेव्ह (डिव्हाइस फाइली चालणार नाहीत), नोएसयूआयडी (प्रोग्रॅमला मालकाचे अधिकार मिळणार नाहीत), नोएक्झेक (प्रोग्रॅम थेट चालणार नाही) हे तिन्ही. जिथे कुणीही लिहू शकतं तिथून प्रोग्रॅम चालू नये, एवढा साधा हेतू. पण लावल्यावर तपासा. काही इन्स्टॉलर /टेम्पमध्ये स्वतःला उलगडून तिथूनच चालतात, आणि काही जावा प्रोग्रॅम आपल्या नेटिव्ह लायब्ररी तिथे काढून ठेवतात, ते अडतील. अशा प्रोग्रॅमला वेगळी तात्पुरती डिरेक्टरी नेमून द्या, अख्ख्या /टेम्पवरून नोएक्झेक काढू नका. /व्हारवर मात्र, डेबियन किंवा उबुंटू असेल तर, नोएक्झेक लावू नका. डीपीकेजीच्या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजीमधून चालतात, पॅकेज बसवणंच थांबेल. रिपोर्टच्या जागेवर तिन्ही पर्याय बिनधास्त लावा. पीडीएफला एक्झिक्यूट होण्याचं काही कारण नाही.

नोएटाइमबद्दल (फाइल वाचल्याची वेळ दरवेळी लिहू नये, असं सांगणारा पर्याय) लोक विचारतात. २००९ मध्ये आलेल्या २.६.३० कर्नलपासून रिलेटाइम (ती वेळ गरजेपुरतीच लिहिणारा पर्याय) आपोआपच लागू असतं, त्यामुळे पूर्वीइतका फरक पडत नाही.

एफएसटॅब आणि गुरुवार

त्याच हडपसरच्या लॅबचा जुना सर्व्हर. एका गुरुवारी परिसरात देखभालीसाठी वीज बंद होती. यूपीएसने सव्वा तास साथ दिली, मग सर्व्हर बंद झाला. वीज आल्यावर तो उठलाच नाही. स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड मागत उभा. बाहेर बाकावर रिपोर्टसाठी आलेले पेशंट, त्यात एक आजी, संध्याकाळी डॉक्टरकडे न्यायचा म्हणून रिपोर्टची वाट बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाहून हात घाईने चालवले, एवढं आठवतं.

झालं होतं असं. आधीच्या माणसाने एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव एसडीबी१ असं लिहिलं होतं. आठ महिन्यांपूर्वी आणखी एक डिस्क बसवली गेली, पण मशीन त्यानंतर रीबूट झालंच नव्हतं. त्या गुरुवारी पहिल्यांदा झालं, नव्या डिस्कला एसडीबी नाव मिळालं, जुनी एसडीसी झाली. सिस्टिमडीने न सापडणाऱ्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहिली आणि हात टेकले.

म्हणून एफएसटॅबमध्ये डिस्कचं नाव कधीही लिहू नका. बीएलकेआयडी चालवून यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळखक्रमांक) घ्या आणि तो लिहा. तो फाइल सिस्टिमसोबत राहतो, केबल कुठेही लागो. एलव्हीएमचं नाव असेल तर तेही चालतं, ते बदलत नाही. ज्या डिस्कशिवाय सर्व्हर उठला तरी चालेल, उदाहरणार्थ बॅकअपची, तिला नोफेल लावा. डेटाबेसच्या डिस्कला मी लावत नाही, कारण ती नसताना सर्व्हर "उठला" असं दिसणं मला नको असतं. क्लाउडवरचं मशीन त्याला अपवाद. तिथे समोर कन्सोल सहज मिळत नाही, म्हणून नोफेल लावा आणि सेवेच्या युनिटमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर लिहा, म्हणजे मशीन उठेल पण माउंट नसेल तर ती सेवा सुरू होणार नाही.

फाइल बदलली की तीन कमांड लगेच: फाइंडएमएनटी --व्हेरिफाय, सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, माउंट -ए. यातली एकही वगळू नका.

नोफेलमुळे एक नवा खड्डा तयार होतो, तो बुजवायला हवा. बॅकअपची डिस्क माउंट झाली नाही तरी /बॅकअप ही रिकामी डिरेक्टरी रूटवर असतेच. रात्री दोनची स्क्रिप्ट येते, तिला डिरेक्टरी दिसते, ती लिहायला लागते, आणि सकाळपर्यंत रूट भरतं. यावर दोन उपाय, दोन्ही करा. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर सीएचअ‍ॅटर +आय (बदलता न येण्याची खूण लावणारी कमांड) चालवा. मग त्यात रूट युजरलाही लिहिता येत नाही, पण माउंट मात्र व्यवस्थित होतं. आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट -क्यू ने तपासा, नसेल तर मेल पाठवून थांबा. माउंटखाली असं काही दडलंय का ते बघायचं असेल, तर रूटला दुसरीकडे बाइंड माउंट करा: माउंट --बाइंड / /एमएनटी. मग /एमएनटी/बॅकअपमध्ये खालचं सगळं उघडं दिसतं.

क्लाउडवर

अझूरचा सेंट्रल इंडिया रीजन आपल्या पुण्यातच आहे, २०१५ पासून, त्यामुळे इथले बरेच क्लायंट तिथे असतात. त्यांना माझी एकच कळकळीची विनंती: लिनक्स मशीनवर /एमएनटीमध्ये आयती मिळालेली ती मोठी वेगवान डिस्क अनेकदा तात्पुरती असते. मशीन डीअ‍ॅलोकेट केलं, म्हणजे बंद करून त्याचं हार्डवेअर अझूरला परत सोडलं, की तिच्यावरचं सगळं जातं. तिथे डेटा ठेवलेले लोक मी पाहिलेत, आणि तो डेटा परत मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. डेटासाठी वेगळी डिस्क जोडा. क्लाउडची डिस्क मोठी करता येते, लहान नाही, म्हणजे तोच नियम इथेही. डेटा डिस्कवर मी पार्टिशन न करता थेट एलव्हीएम घालते. डिस्क वाढवल्यावर पीव्हीरीसाइझ आणि मग एलव्हीएक्स्टेंड, दोन ओळींत काम होतं.

चालू सर्व्हरवर भिंत घालायची तर

सगळ्यांना नवा सर्व्हर मिळत नाही. एका पतसंस्थेत मी चालू सर्व्हरवर /व्हार/लॉग वेगळं केलं, रविवारी सकाळी, शाखा बंद असताना. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जागा नव्हती, म्हणून तापकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) न आणता सर्व्हरच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच एक एसएसडी आणली (सर्व्हरच्या डिस्कला वॉरंटीचं बिल आणि जुळणारं फर्मवेअर लागतं, तिथे दोन हजार वाचवू नका). पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड, मग २० जीबीचा नवा व्हॉल्यूम आणि त्यावर एक्सएफएस.

नवा व्हॉल्यूम आधी /एमएनटी/नवेलॉगवर माउंट केला. लॉग लिहिणाऱ्या सेवा थांबवल्या. डेटाबेसही, कारण तोही तिथे लिहीत होता. मग आरसिंक -एएचएएक्स ने सगळं नेलं. एच, ए, एक्स हे मोठे: हार्ड लिंक, एसीएल आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट टिकवण्यासाठी. सोर्सच्या शेवटी स्लॅश द्यायचा, नाहीतर लॉगच्या आत लॉग तयार होतं. जुन्या डिरेक्टरीचं नाव लॉग.जुनं केलं, त्याच नावाची रिकामी डिरेक्टरी बनवली, एफएसटॅबमध्ये ओळ घातली, तात्पुरतं माउंट काढलं, माउंट -ए केलं. एसईलिनक्स (फाइलींवर लेबल लावून कोण काय करू शकेल ते ठरवणारी सुरक्षा) चालू होतं म्हणून रिस्टोअरकॉन -आर /व्हार/लॉग, यात आर मोठा. हे विसरलात तर परवानग्या अगदी बरोबर दिसतात आणि तरी सेवा लिहू शकत नाहीत. लॉग.जुनं एक आठवडा ठेवून मग पुसलं. ते पुसेपर्यंत रूटवरची जागा सुटत नाही, हे ध्यानात ठेवा. नाहीतर एवढं करून डीएफ तेच का दाखवतंय म्हणून घाबराल.

आखणीचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवते. वर तारीख, प्रत्येक माउंट, त्याचा आकार, "भरलं तर कोण थांबेल" हा रकाना, आणि खाली व्हॉल्यूम ग्रुपमध्ये शिल्लक किती. जागा वाढवली की जुना आकडा खोडून शेजारी नवा, तारखेसह. ८० टक्क्यांना इशारा लावलेला असतो, आयनोडलाही.

आणि घरी निघण्याआधी मशीन रीबूट करा. "सगळं चाललंय, आता कशाला?" असं कुणी म्हटलं तरी करा, तुम्ही कीबोर्डसमोर उभे आहात तोवरच. उठल्यावर फाइंडएमएनटी चालवा आणि कागदावरची एकेक ओळ स्क्रीनवरच्या ओळीशी बोट ठेवून ताडून बघा. पतसंस्थेत ते झालं तेव्हा साडेबारा वाजले होते. शिपाईदादांनी शटर ओढायच्या आधी विचारलं, "झालं का मॅडम?" मी कागदावर तारीख घातली आणि सही केली.